जाताना आठशे बारा

त्या मंगळवारी संध्याकाळी माझी मुलगी जेवता जेवता झोपली. तोंडात घास, एका पायात बूट. दुसरा बूट काढण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती, किंवा तो काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“साहेब आज दमले,” बाबा म्हणाले.

नातीला ते साहेब म्हणत. त्यांची सगळी नोकरी जमीनमोजणीच्या खात्यात गेली. पस्तीस वर्षं साहेब पुढे आणि हे मागे, खांद्यावर तिपाई, हातात फीत. निवृत्त झाल्यावर आमच्याबरोबर परदेशात आले ते हिला सांभाळायला. पुन्हा साहेबाच्या हाताखालीच आलो म्हणायचे, पण हा साहेब आधीच्यांपेक्षा बरा, शी लागली की निदान सांगतो तरी.

“बागेत एवढं काय केलंत दिवसभर?” मी विचारलं.

“बागेतच होतो.”

मी विचारलं होतं काय, आणि उत्तर आलं होतं कुठे. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. उजव्या हाताच्या दोन बोटांना खडूची पांढरी भुकटी लागलेली होती. माझी नजर पडली तसे ते उठून हात धुवायला गेले.

बाग आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर आहे. एक घसरगुंडी, दोन झोके, वाळूचा एक चौकोन. तिथे चार तास कसे जातात हे मला महिनाभर कळत नव्हतं. मुलीला विचारलं की ती ओठ आत ओढून घ्यायची. एकदा म्हणाली, “आईला सांगायचं नाही असं ठरलंय.” मग आपण फार बोललो असं वाटून रडायला लागली.

माझा नवरा शीतगृहातल्या यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. पाळी बदलती, त्या आठवड्यात संध्याकाळची. मी त्याच्याकडे हे बोलले तेव्हा तो हसला होता. “पुस्तकांवरचे डाग शोधायचे पैसे मिळतात तुला, ते ठीक आहे. माणसांवरचे फुकट कशाला शोधतेस?” मी एका ग्रंथालयाच्या तळघरात काम करते. फाटलेली, भिजलेली, शिवण उसवलेली पुस्तकं माझ्या टेबलावर येतात. कुठलं पान कुणी सावकाश ब्लेडने कापलं आणि कुठलं नुसतं निसटलं, हे कडेवरून कळतं. ती सवय घरी येताना तळघरात ठेवून येता येत नाही.

बाबा हात पुसत परत आले, खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, “पाठवून टाक तिला.”

“कुठे?”

“शाळेत. या वर्षीच.”

महिन्यापूर्वी शाळेचं पत्र आलं होतं. इथे चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना पहिल्या वर्गात घेतात, पण तारखेची एक रेघ असते. आमच्या मुलीचा वाढदिवस त्या रेघेच्या एकोणीस दिवस अलीकडे. म्हणजे या वर्षी गेली तर वर्गातली सगळ्यांत लहान, पुढच्या वर्षी गेली तर सगळ्यांत मोठी. पालकांनी ठरवावं आणि या शुक्रवारपर्यंत कळवावं. पत्र आल्याच्या दिवसापासून मी म्हणत होते या वर्षी, आणि बाबा म्हणत होते पुढच्या.

“काय झालं बाबा?”

“काय व्हायचंय? तूच सांगत होतीस, लवकर गेली की भाषा लवकर येईल.”

“आणि तुम्ही म्हणत होतात, सगळ्यांत लहान राहील, प्रत्येक रांगेत शेवटी उभी राहील.”

“म्हणत होतो. आता म्हणत नाही.”

एवढं बोलून ते उठले आणि भांडी घासायला लागले. ती भांडी त्यांनीच जेवणाआधी घासून पालथी घातलेली होती. मी पाहत राहिले. माझ्या मनाने हिशेबाला सुरुवात केली होती. ही पडली असेल. हरवली असेल आणि सापडली असेल. रस्त्यावर काहीतरी होता होता राहिलं असेल. म्हातारा माणूस महिनाभर धरलेला हट्ट एका संध्याकाळी उगाच सोडत नाही. मी झोपलेल्या मुलीचा बूट काढला, मोजा काढला, पायाला कुठे खरचटलंय का पाहिलं. टाचेला फोड आला होता. पाच मिनिटांवरच्या बागेत जाऊन टाचेला फोड.

मी काही विचारलं नाही. हे लिहिताना मला कबूल करायला हवं की तो माझा मोठेपणा नव्हता.

कारण माझ्याकडेही न सांगितलेलं काहीतरी होतं. शाळेचं पत्र यायच्या आठ दिवस आधी, असंच संध्याकाळी, बाबांनी मुलीचा ओला मोजा माझ्या हातात दिला. “त्या खिडकीत वाळत घाल, सकाळी ऊन तिथूनच येईल,” म्हणाले. ज्या खिडकीकडे त्यांनी बोट केलं त्याच खिडकीत दहा मिनिटांपूर्वी सूर्य मावळला होता. बाबा असे होते की अंधाऱ्या खोलीत डोळे बांधून तीनदा गरगर फिरवलं तरी उत्तर दिशा बरोबर दाखवायचे. आम्ही लहानपणी त्यांच्यावर हा खेळ खेळायचो आणि दर वेळी हरायचो. मी मोजा हातात घेऊन क्षणभर उभी राहिले, आणि मग तो त्यांनी दाखवलेल्या खिडकीत घातला. सकाळी ते उठायच्या आत तो काढून समोरच्या खिडकीत नेऊन टाकला. नंतर मुलीच्या पायात तो वाळलेला बघून ते म्हणाले, “बघ, वाळला की नाही.”

त्यानंतर आठ दिवसांनी पत्र आलं, आणि मी ते उघडलं तेव्हा माझं मत आधीच ठरलेलं होतं. भाषेचं, मैत्रिणींचं, लहान वयात रुळण्याचं जे काही मी बोलले ते सगळं मी नंतर शोधून वाचलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त ते कारण नव्हतं.

बाबा थांबू या म्हणत तेव्हा मला वाटायचं, यांना भीती आहे ती स्वतःची. नात शाळेत गेली की या घरात यांचं काम उरत नाही, आणि काम नाही तर परतीचं तिकीट. म्हणून पोरीला धरून ठेवताहेत. माझ्या वडिलांबद्दल मला असं वाटलं. महिनाभर रोज वाटलं.

बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. दारापाशी बूट घालायला एक बुटका बाक आहे. “साहेब, निघायचं?” हे मला ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मुलगी आत आली आणि म्हणाली, “आई, आजोबा नुसतेच बसलेत. नाडी बांधतच नाहीयेत.”

डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यांना कळलंही नसेल, म्हणाले. मला तेवढ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा आहे.

शाळेने आम्हाला पंधरा दिवसांची मुदत वाढवून दिली. सगळं उरकल्यावर, घर पुन्हा आवरल्यावर, एका सकाळी नवऱ्याने तो अर्ज माझ्यापुढे ठेवला.

“आता एक वर्ष थांबू,” तो म्हणाला. “तिचे आजोबा गेलेत. त्यावर लगेच नवी शाळा, नवी भाषा. मी रात्रपाळी मागून घेतो, दिवसा घरी राहीन.”

“आणि झोपशील कधी?”

“ते बघू. बाबांचंही तेच म्हणणं होतं ना, थांबावं असं.”

“शेवटच्या संध्याकाळी ते म्हणाले, पाठव.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात वाईट काही नव्हतं, पण ते मला ओळखीचं होतं. मी स्वतः बाबांकडे तसंच पाहत असे.

“तुला तसं म्हणाले?”

“मला. तू कामावर होतास. ही झोपली होती.”

“महिनाभर नको म्हणणारा माणूस एकदम हो म्हणाला.”

“हो.”

“का म्हणाले?”

“सांगितलं नाही.”

“बरं,” तो म्हणाला. त्याने कपातला चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला. “तू म्हणतेस तर म्हणाले असतील.”

माझ्याकडे साक्षीदार नव्हता. आणि खरं सांगायचं तर, कारणही उरलं नव्हतं. ज्या माणसाजवळ मुलीला ठेवायची मला धास्ती होती तो माणूसच आता नव्हता. मग मी अजून या वर्षीच का म्हणत होते? आपणच बरोबर होतो हे ठरवून घ्यायला? मला आता माझाच संशय यायला लागला होता.

त्याच दुपारी मुलगी पलंगाखाली शिरून बसली होती. तिला बाहेर काढायला वाकले तर तिच्या मांडीवर बाबांची मोजणीची वही. लांबट, कडक पुठ्ठ्याची, वर रबरी पट्टा. बाबांच्या सामानात मी ती शोधली होती आणि मिळाली नव्हती.

“ती माझ्याकडे दे.”

“नाही.” तिने वही पोटाशी धरली. “मोजणी पुरी झाल्याशिवाय आईला दाखवायची नाही. आजोबांनी सांगितलंय.”

ओढून घेता आली असती. पण फाटलेल्या वह्यांचं काय होतं हे मला माहीत आहे. मी तिच्याजवळ फरशीवर बसले.

“किती मोजणी राहिलीय?”

तिने विचार केला. “एक फेरी. जायचं आणि यायचं. त्या दिवशी निघालो होतो ना आम्ही, ती.”

गुरुवारी मी रजा टाकली. अर्ज शुक्रवारी द्यायचा होता.

सकाळी साडेआठला तिने मला बाकावर बसवून बूट घालायला लावले आणि नाड्या ओढून पाहिल्या. वही तिच्या पाठीवरच्या पिशवीत. दाराबाहेर पडल्यावर तिने माझा हात धरला, बोटं नव्हे, मनगट.

“सोडायचा नाही,” म्हणाली.

“अगं, मी नाही हरवणार.”

“आजोबापण असंच म्हणायचे.”

मी तिच्याकडे खाली पाहिलं. ती समोर पाहत होती. “मोज,” म्हणाली. “मला वीसच्या पुढे येत नाही. आजोबा मोठ्यानं मोजायचे.”

मी मोजायला लागले. बाग डाव्या हाताला होती. आम्ही उजवीकडे वळलो. किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान, बंद पडलेलं कपडे धुण्याचं दुकान, सायकली लावायची लोखंडी दांडी. प्रत्येक वळणावर भिंतीवर खडूचा एक बाण होता. पुसट झालेला, पण शोधला की दिसेल असा. बाण माझ्या कमरेच्या उंचीवर होते. बाबा माझ्याहून उंच होते. त्या उंचीवर काढायला त्यांना प्रत्येक वेळी वाकावं लागलं असेल. तिसऱ्या वळणावर मला दुसरी गोष्ट लक्षात आली. आम्ही जात होतो त्या दिशेला एकही बाण नव्हता. सगळे उलटे होते. घराकडे.

तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, घराकडे.

मोजण्यात चूक होऊ नये म्हणून मी ते मनातून बाजूला केलं. आठशे चाळीस पावलांवर शाळेचं कुंपण आलं.

घंटा अजून व्हायची होती, आत लहान वर्गाची मुलं खेळत होती. कुंपणाबाहेर, पदपथावर, लाकडी बाक होता. मुलीने मला त्यावर बसवलं. “इथेच बसायचं. उठायचं नाही,” असं बजावून ती जाळीपाशी गेली. तिथून एकदा वळून पाहिलं. मग पुन्हा एकदा. आतून दोन मुली धावत आल्या आणि तिच्याशी बोलायला लागल्या, आणि ती त्यांच्याशी बोलायला लागली. इथल्या भाषेत. चुका असतील, पण अडखळत नव्हती. घरी तिने त्या भाषेतला एक शब्द कधी उच्चारला नव्हता.

गळ्यात शिट्टी घातलेल्या एक बाई फाटकातून बाहेर आल्या. पत्रावर सही होती त्या याच, लहान वर्गाच्या.

“आज आजोबा नाहीत?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

“आता सांगायला हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्या आठवड्यात आम्हाला त्यांचा संशय आला होता. अनोळखी म्हातारा, रोज कुंपणापाशी येतो, मुलांकडे बघतो, वहीत काहीतरी लिहितो. मुख्याध्यापक तर पोलिसांना फोन करायला निघाले होते. म्हटलं, आधी मी विचारते. त्यांनी वही उघडून दाखवली, मला एक अक्षर कळेना. मग हिने सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“की आजोबा रडणं मोजतात.”

मी जाळीपाशी उभ्या मुलीकडे पाहिलं.

“सकाळी आईबाप सोडून गेले की लहान मुलं रडतात ना. किती रडतात, किती वेळ, त्यांत सगळ्यांत लहान किती. हातात घड्याळ घेऊन. मग आम्हीच त्यांना हा बाक आणून दिला.” त्या हसल्या. “एकदा एक मुलगा अर्धा तास रडला. तुमचे वडील मला फाटकापाशी बोलवून हिच्याकरवी विचारायला लागले, काय बिघडलंय, यंत्र बंद का होत नाही.”

ते मला त्यांच्या आवाजात ऐकू आलं.

“हिच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?” मी विचारलं.

“माझ्या टिपणात मी लिहिलं होतं, एक वर्ष थांबावं. हुशार आहे, बोलते, पण घाबरते. बघा ना, आधी त्यांना बाकावर बसवायची, मगच जाळीपाशी यायची. सारखी वळून बघायची. आम्ही एकदा आत बोलावलं तर आजोबांना सोडून येणार नाही म्हणाली.” त्या बोलता बोलता थांबल्या. मुलगी पुन्हा वळून माझ्याकडे पाहत होती, मी जागेवर आहे ना ते. “तुम्ही आई आहात. तुम्हाला जास्त कळेल.”

मला कळलं होतं. ती आजोबांच्या मागे लपत नव्हती.

परत निघताना तिने पुन्हा मनगट धरलं. किल्लीवाल्याच्या दुकानाच्या अलीकडे दोन रस्ते फुटतात, दोन्हींवर सारख्याच इमारती, सारखेच जिने. तिथे ती थांबली.

“इथे आजोबा नेहमी तिकडे जायचे.”

“मग?”

“मग मी म्हणायचे, साहेबांचा हुकूम आहे, इकडून. मग ते सलाम करायचे.”

“आणि ऐकायचे?”

“ऐकायचे.” थोडं चालून म्हणाली, “शेवटच्या दिवशी नाही ऐकलं. म्हणाले, मला माहितीये. मग खूप चाललो. मग त्यांना खूप घाम आला. मग मला बाण दिसला.”

“घाबरलीस?”

“मी नाही. ते.”

येताना आठशे त्रेचाळीस भरली. दारात मी तिला सांगितलं, जाताना इतकी, येताना इतकी. “फरक किती?” तिने विचारलं. तीन, म्हटलं. “तीन चालतो,” ती म्हणाली, पिशवीतून वही काढली आणि माझ्या हातात दिली. मग बाकावर बसून बूट काढायला लागली.

मी तिच्या शेजारी बसून रबरी पट्टा काढला.

बाबांचं अक्षर तेच, शिसपेन्सिलीचं, उभं, टोकदार. पाच रकाने: तारीख, जाताना, येताना, फरक, शेरा. कुठलंही अंतर ते दोनदा मोजत. एकदाच मोजलेल्या आकड्यावर ते सही करत नसत; उलट्या बाजूने चालत यायचं आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे, मग आपण किती चुकलो ते आपोआप दिसतं, असं मला शिकवलं होतं. पहिल्या पानावर जाताना आठशे बारा, येताना आठशे पंधरा. शेरा: “रडणारी सात. सर्वांत लहान दोन. घंटेनंतर चार मिनिटांत शांत. साहेब नाराज, झोका हवा होता.” पुढच्या दिवशी आठशे बारा, आठशे चौदा. “लहान दोनपैकी एक रडला नाही.” पुढे: “लहान व मोठी यांत फरक दिसत नाही. आणखी आठ दिवस बघणे.” म्हणजे मला विरोध करायला माणूस पुरावा गोळा करायला गेला होता, आणि पुरावा उलटा निघत होता, आणि त्याने तो उलटा असतानाही लिहून ठेवला होता.

जातानाचा रकाना शेवटपर्यंत आठशे बाराच्या आसपास राहिला. जाताना ती पुढे असे, आणि तिला शाळा हवी होती. येतानाचा रकाना तिसऱ्या पानावर बिघडला. आठशे नव्वद. अकराशे चाळीस. आठशे सोळा. तेराशे शहाण्णव. शेऱ्याच्या जागी खोडलेलं. मी पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं; खोडलेलं वाचणं हे माझं रोजचं काम आहे. खाली दाबलेली अक्षरं होती, “डावीकडे वळलो. का ते कळले नाही.” दुसरीकडे, “सलग दोन दिवस.” आणखी एका ठिकाणी, न खोडलेलं, “आज साहेबांनी आणले.” त्यानंतर ते वाक्य सहा वेळा होतं.

मंगळवार. जाताना आठशे बारा. येतानाच्या रकान्यात, “चार हजारांपर्यंत मोजली, नंतर नाही.” शेरा लांब होता, रकान्याबाहेर गेलेला.

“तिला या वर्षी शाळेत घालावे. रडेल ती चार मिनिटे. माझ्याकडे ठेवणे बरोबर नाही. मुलीला सांगणे.”

मुलीला, म्हणजे मला, त्यांनी यातलं पहिलं वाक्य सांगितलं होतं. उरलेलं सांगायचं टाळायला उठून भांडी घासावी लागली.

माझ्या मनात आधी आलं ते चांगलं नव्हतं. आता नवऱ्याला दाखवता येईल, हे आलं. ते गेल्यावर मी वही मांडीवर ठेवली. फळीवर अर्ज पडला होता. पेन घेऊन मी या वर्षीच्या चौकोनात खूण केली. बाबांनी लिहिलं म्हणून नाही, आणि मी म्हणत होते म्हणूनही नाही. या मुलीला रोज सकाळी अशा ठिकाणी जायला हवं होतं जिथे मोठ्या माणसांवर नजर ठेवायचं काम तिच्याकडे नसेल.

समोरच्या भिंतीवर दोन्ही खिडक्यांचा उजेड पडला होता. बाकावर त्यांच्या बाजूची जागा रिकामी होती.

“बाबा, मला माहीत होतं,” मी म्हणाले.

मोठ्याने म्हणाले. मुलीने नाडी तशीच हातात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

“तुमच्या आधी नसेल, पण तुम्हाला वाटलं त्याच्या कितीतरी आधी मला कळलं होतं. शाळेचं मी काढलं ते भाषेसाठी नाही. तिला तुमच्याबरोबर बाहेर सोडायची मला भीती वाटत होती, आणि तसं तोंडावर म्हटलं तर तुम्ही बॅग भराल याची त्याहून जास्त. मला तुम्ही इथे हवे होतात. म्हणून मी गप्प बसले, आणि तुम्हाला घरी आणायचं काम हिच्यावर पडलं.”

मुलीने नाडी खाली सोडली. मी तिचा हात धरला आणि मावळतीच्या खिडकीकडे पाहिलं.

“त्या संध्याकाळी मोजा हातात घेतला तेव्हाच म्हणायला हवं होतं,” मी म्हणाले. “बाबा, पूर्व तिकडे नाही. पूर्व इकडे आहे.”